हँडल जड होईपर्यंत

आमच्या घरी गाडी आली ती नवी नव्हती आणि अनोळखीही नव्हती. बाबा एका सरकारी कचेरीत ड्रायव्हर होते आणि तीच पांढरी गाडी त्यांनी सोळा-सतरा वर्षं चालवली होती. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा कचेरीतली टेबलं, कपाटं, फायली यांची वाटणी झाली. धावत्या गाड्या काही इकडे, काही तिकडे गेल्या आणि थकलेल्या होत्या त्या आवारातल्या कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. बाबांची गाडी त्यांत होती. कित्येक महिने ती तिथं पाला-कचरा अंगावर घेत उभी होती आणि बाबा दुपारचा डबा तिच्या बॉनेटवर उघडून खात, असं त्यांच्यासोबतचे लोक सांगायचे. लिलाव निघाला तेव्हा भंगारवाल्यांच्या घोळक्यात गाडी गाडी म्हणून हवी असलेला माणूस एकटे बाबाच होते. त्याच सुमाराला ते निवृत्त झाले. लोक निवृत्तीला शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, आमचे बाबा गाडी घेऊन आले. ओढून नाही आणली, चालवत आणली, आणि अंगणात शिरताना आईनं घातलेल्या रांगोळीला चाक लागू नये म्हणून त्यांनी गाडी दोनदा मागे-पुढे केली.

आमचं गाव करडीच्या अलीकडचं. घर दोन खोल्यांचं, कवेलूचं. पुढे छपरी, आणि छपरीला लागून एक मोकळा मांडव, जिथं आजोबांच्या काळी बैलबंडी उभी राहायची. गाडी तिथं मावली. आई अंगणवाडीत सेविका होती. तिचा दिवस आमच्या आधी सुरू व्हायचा: आधी झाडूचा आवाज, मग हापशीचा, मग चुलीत फुंकणीचा. त्यात आता एका आवाजाची भर पडली. बाबा सकाळी ओल्या फडक्यानं काचा पुसत, तेव्हा फडकं काचेवर कुईकुई करायचं. रविवारी गावातल्या विहारात वंदना असायची, तिथं जायच्या आधीसुद्धा काचा पुसल्या जात. बाबांनी आयुष्यभर ज्या कामाचा पगार घेतला ते काम आता ते हौसेनं करायचे. गावातलं कुणी भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायचं असो, कुणाची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आणायची असो, गाडी निघायची. आमच्याकडे मार्चमध्ये रानात मोहफुलं पडतात, शेतातली लाखोळी कापून होते, आणि घराघरातून काठीनं लाखोळी झोडल्याचा धप-धप आवाज येत असतो. मी सांगते आहे ते या दिवसांतलं.

मी तेव्हा भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात मी एकटीच मुलगी. फॉर्म बाबांनीच आणला होता. शिवणकामाचाही फॉर्म त्यांच्या हातात होता, पण तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि हा माझ्यापुढे सरकवला. मामाला ते पटलं नव्हतं. यशवंत मामा आईचा थोरला भाऊ, गावातच राहायचा, घरचा ट्रॅक्टर होता, आणि आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीत त्याचं मत असायचं. तो वाईट माणूस नव्हता. माझ्या पहिल्या वर्षी मला नेऊन सोडायला, आणायला तोच यायचा. पण हाताला ग्रीस लागलेली भाची पाहायला आलेल्या लोकांना दाखवायची कशी, हे त्याला खरंच कळत नव्हतं. पहिले काही महिने वर्गातल्या मुलांनी मला फक्त रॉकेलमध्ये पार्ट धुवायला दिले. मी ते इतके धुतले, की कुठला बोल्ट कुठला हे डोळे मिटून हातानं ओळखता यायला लागलं. आज मीही शिकवते, तेव्हा नव्या पोरांना पहिला महिना पार्टच धुवायला लावते. ती कुरकुरतात. कुरकुरू देते.

त्या मार्चात गाडीचा दम गेला. चढावर खालचा गिअर टाकला तरी थांबायला बघायची, मागे धूर, आणि उभी असताना एक सिलिंडर चुकून राहिल्यासारखा लंगडा आवाज. भंडाऱ्याच्या गॅरेजवाल्यानं ऐकून सांगितलं, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलावं लागेल, पण हातात दुसरं काम आहे, पंधरा दिवस तरी लागतील. पंधरा दिवस आमच्याकडे नव्हते. गावातल्या पाच मुली त्या वर्षी दहावीला बसल्या होत्या आणि परीक्षेचं केंद्र मोहाडीला आलं होतं. मोहाडीला जायला नदीचा वळसा पडायचा, सकाळची एसटी कधी यायची, कधी यायचीच नाही. मागच्या वर्षी याच पायी दोघींचा एक पेपर बुडाला होता आणि दोघींचीही शाळा तिथंच संपली. या वर्षी बाबांनी पाचही घरी जाऊन सांगितलं होतं, पोरींना मी नेईन आणि मी आणीन. त्यातली एक सुनीता, रुखमाबाईची मुलगी. रुखमाबाईचं घर ढिवरांचं. तलावात मासे धरायचे आणि टोपलीत घेऊन दारोदार विकायचे. त्या घरात दहावीपर्यंत पोचलेली सुनीता पहिलीच. पहिला पेपर सोमवारी होता. आणि गॅरेजवाल्यानं हे सांगितलं तो दिवस बुधवार.

जेवताना मी म्हटलं, मी करते. वाढता वाढता आई थांबली. बाबांनी वरणभाताचा घास तसाच धरला. मी आयटीआयमध्ये तीन हेड खोलली होती, बसवली होती, आणि तिन्ही इंजिनं चालू झाली होती, हे मी त्यांना सांगितलं. ती तिन्ही कामं वर्गात, सरांच्या नजरेखाली झाली होती, हे सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, रविवारपर्यंत होईल का. मी म्हटलं, शनिवारपर्यंत होईल. आता त्या मुलीचा आत्मविश्वास आठवला की मला हसू येतं, पण खरं सांगायचं तर तो खोटा नव्हता. मला काम येत होतं. फक्त येणाऱ्या कामातसुद्धा माणूस चुकतो, हे अजून यायचं होतं.

गुरुवारी हेड उतरवलं. सिलिंडरची तोंडं उघडणारे-मिटणारे दोन व्हॉल्व्ह कडेला जळून खडबडीत झाले होते, बाकीच्यांवर काजळीची साय चढलेली. हेड घेऊन बाबा आणि मी एसटीनं भंडाऱ्याला गेलो, हेड गोणपाटात गुंडाळून दोघांच्या मधे, आजारी माणसाला धरून बसावं तसं. लेथवाल्यानं त्याच दिवशी हेडचा खालचा पृष्ठभाग घासून सपाट करून दिला. नवे दोन व्हॉल्व्ह आणि हेड व इंजिनच्या मधे दाबून बसणारी नवी गॅस्केट घेतली. शुक्रवारभर मी छपरीत बसून व्हॉल्व्ह घासले. बसायच्या जागेला पेस्ट लावायची, व्हॉल्व्हला रबरी कपाची दांडी चिकटवायची आणि दांडी दोन्ही तळहातांत धरून रवी फिरवावी तशी फिरवायची. आधी खरखर येते, मग ती बारीक होत जाते, आणि शेवटी आवाज इतका मऊ होतो की हातालाच कळतं, आता व्हॉल्व्ह आणि जागा एकमेकांना लागली. शेजारी लाखोळी झोडत होते, आत आई चुलीवर लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती आणि मी आठ व्हॉल्व्ह एकेक करून घासत होते. रुखमाबाई टोपली घेऊन आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, हे तर जात्यावर दळल्यासारखंच हाय. त्या दिवशी तिनं आम्हाला वाटाभर मासे जास्त दिले.

शनिवारी हेड परत इंजिनवर चढवलं. हेडचे बोल्ट किती ताकदीनं आवळायचे याचं माप असतं आणि ते माप दाखवणारा पाना आमच्याकडे नव्हता. सरांनी स्वतःचा द्यायचं कबूल केलं होतं. मामा रविवारी सकाळी मोटारसायकलवर भंडाऱ्याहून तो आणणार होता. तोवर मी बोल्ट साध्या पान्यानं नुसते बसवून ठेवले. हात रिकामे झाले, दुपार सगळी पुढे पडलेली. म्हणून मी पुढचं काम घेतलं, टॅपेट लावून टाकले. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावर आणि त्याला खाली दाबणाऱ्या रॉकरच्या टोकात ठेवायची बारीकशी फट, पोस्टकार्डाइतकी. ती फट असली तरच व्हॉल्व्ह नीट मिटतो. आठही फटी मी फिलर गेजची पत्ती घालून मोजल्या. पत्ती जायची तशी जात होती, थोडी अडून, तूप लावलेल्या सुरीसारखी. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

रविवारी वंदनेनंतर मामा पाना घेऊन आला. मी हेडचे बोल्ट मधून बाहेर, क्रमानं, तीन फेऱ्यांत पूर्ण आवळले. वरचं झाकण लावलं, तेल भरलं, पाणी भरलं, प्लगच्या वायरी जोडल्या. विहारातून परतणारी माणसं अंगणातच थांबली होती. परीक्षेच्या पाच मुलींपैकी चौघी तर पुस्तकं घेऊनच आल्या होत्या. बाबा स्टिअरिंगवर बसले, किल्ली फिरवली. सेल्फ फिरला. इंजिन फिरलं, छान फिरलं, फिरतच राहिलं, आणि चालू झालं नाही.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. पेट्रोल यायला वेळ लागतो, मी म्हटलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग मी शिकवल्याप्रमाणे सुरू केलं. एक प्लग काढून वायरीला लावला, इंजिनला टेकवून ठेवला, बाबांना किल्ली फिरवायला सांगितली. निळी ठिणगी चांगली पडत होती. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येत होतं, वास येत होता, प्लग ओले होते. वायरींचा क्रम तपासला, एक-तीन-चार-दोन, बरोबर. ठिणगीची वेळ तपासली, तीही खुणेवर. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, वेळ आहे, मग इंजिन का पेटत नाही? अंगणातल्या प्रत्येकाकडे उत्तर होतं. कुणी म्हणालं, कॉइल गरम झाली, ओलं फडकं ठेवा. कुणी म्हणालं, पेट्रोलमध्ये पाणी. बॅटरी हळूहळू थकत चालली आणि सेल्फचा आवाज ओढल्यासारखा यायला लागला. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं होतं. सुनीता मांडवाच्या खांबाला टेकून मराठीचं पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

मामा घरी गेला आणि ट्रॅक्टर घेऊन आला. सोबत दोर. दोन मैल ओढत नेली की कुठली गाडी चालू होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि तोपर्यंत अंगणातल्या बहुतेकांचंही तेच झालं होतं. तो गाडीच्या पुढे वाकून दोर बांधायला लागला. मी त्याला म्हटलं की आत काय अडलंय ते समजेपर्यंत ओढायची नाही. आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येत असतील तर ओढताना वाकतील, आणि मग उद्याचं सोडाच, महिनाभर गाडी उभी राहील. मामा सरळ उभा राहिला. रागावलेला नव्हता, थकलेला होता.

"शालू," तो म्हणाला, "पाच पोरींचं वर्ष आहे हे. तुया हट्टापायी नको घालवू. अडते कुठी, ते समजलं का तुले?"

"नाही समजलं," मी म्हटलं. "पण समजल."

मामानं बाबांकडे पाहिलं. गाडी बाबांची होती आणि शब्दही बाबांनीच दिला होता. बाबा सीटवरून उतरले नव्हते. त्यांचा हात अजून किल्लीवर होता. त्यांनी सावकाश सांगितलं, दोर राहू द्या थोडा वेळ. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मले येक सांग. हे इंजिन इतकं हलकं काहून फिरून राहिलं? इतक्या वर्षांत कधी असं फिरलं नाही. याचा आवाज रिकामा येऊन राहिला."

मी ते ऐकलं होतं. सकाळपासून ऐकत होते. चांगलं इंजिन सेल्फवर फिरतं तेव्हा त्याचा आवाज सरळ नसतो. दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर हवा दाबतो, तिथं सेल्फला जोर लागतो, मग सुटतो. जोर-सूट, जोर-सूट, असा तो चालतो, ओझं घेऊन चालणाऱ्या माणसासारखा. आमचं इंजिन सरळ घरघरत होतं, रिकाम्या रहाटासारखं. मी त्याला नव्या कामाचा गुळगुळीतपणा समजले होते. ज्याला मी माझी कारागिरी समजत होते तेच दुखणं होतं.

मी डिकीतून हँडल काढायला सांगितलं. त्या गाड्यांना पुढून लोखंडी हँडल घालून हातानं इंजिन फिरवायची सोय असायची. बाबांनी हँडल बसवलं आणि फिरवलं. एका हातानं. सहज, हापशीपेक्षा हलकं. मग मी सुनीताला बोलावलं आणि तिला फिरवायला सांगितलं. तिनंही फिरवलं, पुस्तक दुसऱ्या हातात तसंच. हे अंगणातल्या सगळ्यांना कळण्यासारखं होतं. चांगलं इंजिन एका शाळकरी मुलीला असं फिरू देत नाही. मी एकेक प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि हँडल फिरवून घेतलं. अंगठा हवेनं उडायला हवा होता. एक नंबर, काही नाही. दोन, काही नाही. तीन, चार, नुसता हलकासा श्वास. चारही सिलिंडर हवा दाबत नव्हते. म्हणजे व्हॉल्व्ह मिटत नव्हते.

तिथं मी मडगार्डवर हात टेकून उभी राहिले आणि विचार केला. आयुष्यात पुढे मी शेकडो इंजिनं पाहिली, पण त्या दहा-पंधरा मिनिटांइतका सरळ विचार क्वचितच केला असेल. एक सिलिंडर गेला असता तर एक व्हॉल्व्ह नीट घासला गेला नाही, असं म्हणता आलं असतं. चारही एकदम जातात तेव्हा चारही सिलिंडरांना मी एकच गोष्ट एकाच वेळी केलेली असते. ती कुठली? घासणं वेगवेगळं झालं. टॅपेट शनिवारी लावले, पत्तीनं मोजून, बरोबर लावले. त्यानंतर काय केलं? बोल्ट आवळले. मामानं आणलेल्या पान्यानं, तीन फेऱ्यांत, पूर्ण. आणि बोल्ट आवळल्यावर नवी, जाड गॅस्केट दबली, हेड खाली बसलं. हेड खाली बसलं म्हणजे त्यावरचे रॉकरही खाली आले. पण त्यांना खालून उचलून धरणाऱ्या सळ्या होत्या तेवढ्याच लांबीच्या. शनिवारी मी मोजलेली पोस्टकार्डाएवढी फट रविवारी सकाळी माझ्याच हातानं मी गिळून टाकली होती.

वरचं झाकण काढलं. पहिलाच रॉकर बोटांत धरून हलवला. हलला नाही. दुसरा हलला नाही. फिलर गेजची सर्वांत पातळ पत्तीही आत जात नव्हती. आठही व्हॉल्व्ह किंचित उघडे धरून ठेवलेले होते, आणि त्या फटींतून सगळा दम निघून जात होता. आता ते सगळ्यांसमोर बोलायचं होतं. मी वळले. "मायी चूक आहे," मी म्हटलं. "टॅपेट आधी लावले, हेड मंग आवळलं. उलटं करायचं होतं." मामा म्हणाला, म्हणजे तुलेच जमलं नाही ना. मी म्हटलं, हो, मलाच जमलं नाही, आणि आता मलाच जमेल. आईनं दारातून सगळं पाहिलं होतं. ती आत गेली आणि अंगणातल्या सगळ्यांसाठी भाताचं आधण ठेवलं. तिच्या लेखी प्रश्न सुटला होता.

बाबा हँडलवर बसले, मी वर. मी सांगेन तसं ते इंजिन थोडं थोडं फिरवत. ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटायच्या जागी येतील त्याचा नट सैल करायचा, पत्ती घालायची, पत्ती थोडी अडून सरकेल इतकं आवळायचं, नट बंद करायचा, पत्ती पुन्हा घालून बघायची. एक नंबर झाला. बाबांनी हँडल फिरवलं आणि एका जागी ते अडलं. त्यांनी वर पाहिलं, हात बदलला. तीन नंबर झाला, तेव्हा त्यांनी दुसरा हात लावला. चार नंबर झाल्यावर त्यांना पाय रोवावे लागले, आणि दोन नंबर झाल्यावर हँडल वर आणताना त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. इंजिनमध्ये जीव परत येताना मी तो असा पाहिला, बाबांच्या खांद्यांत. साठीजवळ आलेला माणूस घामानं निथळत होता आणि हसत होता. मधे एकदा मामा पुढे होऊन म्हणाला, भाऊजी, द्या इकडं, आणि बाबांनी त्यालाही एक फेरा फिरवू दिला. मामानं फेरा पुरा केला, हँडलकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून हात पुसले. दोर त्यानं स्वतःच सोडला.

बॅटरीत सेल्फ फिरवण्याइतका दम उरला नव्हता, म्हणून चालूही हँडलनंच करायचं ठरलं. बाबांनी अंगठा बोटांच्या बाजूला घेतला, कारण इंजिन उलटा झटका देतं तेव्हा आडवा अंगठा मोडतो. मला त्यांनी किल्लीवर बसवलं. पहिला हिसका, नुसती खोकल्यासारखी ठसक. दुसरा हिसका, आणि ती पेटली. धूर आला, हातून सांडलेलं तेल जळलं, टॅपेटची टकटक सुरू झाली, सारखी, एका लयीत, आठही जणांची. रुखमाबाई कोपऱ्यात उभी होती, तिनं पदरानं तोंड झाकलं. सुनीताकडे मी पाहिलं तर ती पान उलटत होती.

सगळ्यांना लगेच गावभर एक फेरी हवी होती. मामा पुढच्या सीटवर बसलाही. मी सांगितलं की इंजिन गरम होऊन पुन्हा पूर्ण गार झाल्यावर हेड एकदा पुन्हा आवळायचं, आणि मग टॅपेट पुन्हा मोजायचे, त्याच क्रमानं, तोवर कुठेही नाही. मामानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी पुढचं दार उघडून धरलं, साहेबांना उतरायला धरत तसं. "उतरा," ते म्हणाले, "शालू म्हणल तवा."

मग आम्ही जेवलो. अंगणात ओळीनं पानं, भात, चिंच घातलेलं माशांचं कालवण. आवळायचं आणि मोजायचं काम ऊन उतरताना झालं, आणि या वेळी आठही फटी जागच्या जागी होत्या. संध्याकाळी निघताना मामा बाबांना बाजूला घेऊन हळूच सांगून गेला, पण मला ऐकू आलं. उद्या मोहाडीला पोचल्यावर इंजिन बंद करू नका, चालूच ठेवा. बंद पडली आणि परत चालू झाली नाही तर पोरींना परत कसं आणणार. नव्या कामाचा भरवसा नसतो. बाबा फक्त ऐकून घेत होते. आणि खरं सांगू, मामा चूक बोलत नव्हता. त्याच्या जागी मीही तेच सांगितलं असतं.

सोमवारी सकाळी पाच मुली, मागे चार आणि पुढे सुनीता, बाबा आणि मी असे आम्ही निघालो. सुनीता मला चिकटून बसली होती आणि रस्ताभर ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. मी इंजिन ऐकत होते. चढ आला, बाबांनी गिअर बदललाही नाही. नदीचा वळसा संपला, मोहाडीचा बाजार लागला, शाळेच्या फाटकाशी पोरांची आणि आयांची गर्दी दिसली. बाबांनी गाडी फाटकासमोर कडेला घेतली. मुली उतरल्या, पेन, पाण्याच्या बाटल्या, नंबरचे कागद तपासत. घंटेला अजून अवकाश होता. मी बाबांकडे पाहिलं. इंजिन चालू होतं आणि त्यांचा पाय हलकेच ॲक्सिलरेटरवर होता.

त्यांनी पाय उचलला. किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. मग दार उघडून खाली उतरले आणि म्हणाले, "चाल शालू, पेपर सुटेपर्यंत चहा घेऊ."